एका बेडपुरतं भाडं: हॉस्टेलमधल्या मुक्कामाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कमी पैशात फिरण्याबद्दल लिहिताना हॉस्टेलचा उल्लेख मी जेमतेम दोन ओळींत केला होता, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन ओळींवरच आले. व्हॉट्सअ‍ॅपवर आले, पत्रातून आले, एका ताईंनी तर कॉलेज रोडला भाजी घेताना गाठून विचारलं. म्हणून आजचा सगळा कॉलम हॉस्टेलवरच. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, जे परत परत आले ते घेतलेत.

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे, नुकतीच अंबडला एका कंपनीत लागले. मैत्रीण आणि मी वाराणसीला जायचं ठरवलंय. हॉटेल परवडत नाही म्हणून हॉस्टेल बघितलं, पण घरी नुसतं नाव काढलं तरी आई म्हणते तिथे मुलं-मुली एकत्र झोपतात, बाबा म्हणतात अनोळखी लोकांत कसली झोप लागणार. त्यांना काय सांगू? — इंदिरानगर

उत्तर: आधी एक सांगते, आईबाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, कारण आई जे म्हणतेय ते अर्धं खरंच आहे. प्रवाशांचं हॉस्टेल म्हणजे एका खोलीत चार, सहा, आठ, कधी बारा बेड, एकावर एक, आणि आपण भाडं देतो ते खोलीचं नाही, आपल्या एका बेडचं. बाथरूम, बसायचा हॉल, असलंच तर किचन, हे सगळं सगळ्यांचं मिळून, म्हणून ते स्वस्त पडतं. अशा अनेक बेडच्या खोलीला डॉर्म म्हणतात. त्यात मिक्स्ड डॉर्म असतं तिथे खरंच मुलं-मुली एकाच खोलीत असतात. पण बऱ्याच हॉस्टेलांत फीमेल डॉर्मही असतं, फक्त बायकांचं, आणि तुम्ही दोघींनी तेच घ्यायचं. बुक करताना नाव दोनदा वाच, कारण अ‍ॅपवर मिक्स्ड बऱ्याचदा आधी दिसतं, थोडं स्वस्तही असतं, आणि घाईत तेच बुक होऊन जातं.

बाबांना मी असं विचारेन की नाशिकरोडहून वाराणसीला महानगरी किंवा कामायनीने जायचं म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस गाडीत, रात्र स्लीपर कोचमध्ये, आणि तिथे आजूबाजूला कोण झोपलंय हे आपल्याला कुठे माहीत असतं? तरी आपल्या आया-मावश्या वर्षानुवर्षं असाच प्रवास करत आल्या. हॉस्टेलात उलट दाराला लॉक असतं, प्रत्येकाचं ओळखपत्र रिसेप्शनला घेतलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी बेडला पडदा असतो आणि सामानाला लॉकर. शिवाय आपल्या नाशकाला हे नवीन नाहीच. पंचवटीत आणि त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या वाड्यात गावोगावचे यात्रेकरू उतरायचे, एकाच ओसरीवर चार घरची माणसं सतरंज्या टाकून झोपायची, आणि गुरुजींच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावं निघायची. माझ्या आजीच्या माहेरी असे लोक उतरायचे, तिच्याकडून मी हे ऐकलंय.

आता काळजी कशाची घ्यायची ते. मी पहिल्यांदा एका डोंगरातल्या गावी फीमेल डॉर्म घेतलं होतं, खोली छान, बायकाही छान, पण बाथरूम खालच्या मजल्यावर आणि तिथे जायला कॉमन हॉलमधून जावं लागायचं, जिथे रात्री दोनपर्यंत पार्टी चालू होती. मला कोणी काही बोललं नाही की त्रास दिला नाही, पण दोन रात्री मी संध्याकाळनंतर पाणी प्यायचं टाळलं, आणि हे अजूनही आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून मी बुक करायच्या आधी फोन करून विचारतेच की बाथरूम डॉर्मच्या आत आहे का, खोलीला कार्ड किंवा चावीचं लॉक आहे का, रात्री रिसेप्शनला माणूस असतो का. फोनवर कसं बोलतात यावरूनच निम्मं कळतं. जो माणूस या प्रश्नांना वैतागतो तिथे जाऊ नये.

रिव्ह्यू वाचताना एकूण स्टार किती आहेत ते सोडून दे, ताजे म्हणजे मागच्या तीन-चार महिन्यांतले वाच, त्यात वाईट दिलेले आधी वाच, आणि एकट्या फिरणाऱ्या बायकांनी काय लिहिलंय ते शोधून वाच. वायफाय स्लो होतं, नाश्ता साधा होता असल्या तक्रारी असल्या तर खुशाल जा. स्टाफमधला कोणी नंबर मागत होता, लॉक चालत नव्हतं, असं एकीनेही लिहिलं असेल तर दुसरं शोध, मग बेड शंभर रुपयांनी महाग पडला तरी चालेल.

वाराणसीपुरतं अजून एक. घाटाजवळची हॉस्टेलं बऱ्याचदा गल्ल्यांमध्ये असतात जिथे रिक्षा आत जात नाही, शेवटचं अंतर सामान घेऊन पायी. लांब पल्ल्याच्या गाड्या लेट होतात आणि अवेळी पोचतात, तेव्हा पहाटे तीनला दोघींनी गल्ल्या शोधत फिरायचं नाही. उजाडेपर्यंत स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसा, किंवा आधीच आयआरसीटीसीवर रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातलीच मुक्कामाची खोली, बघून ठेवा, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआरवर बुक होते आणि काही स्टेशनांवर खोलीशिवाय डॉर्मचे बेडही असतात. हॉस्टेलचा चेक-इन तसाही दुपारचा असतो, पण सकाळी गेलात तर बहुतेक ठिकाणी सामान ठेवून घेतात आणि अंघोळ करू देतात, तेवढं फोनवर विचारून घ्या. घरच्यांना हॉस्टेलचा पत्ता आणि रिसेप्शनचा नंबर देऊन ठेव. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त ८ तासच चालतं हे आईला आधीच सांग, नाहीतर ते बंद पडलं की इकडे जीव टांगणीला लागतो. १३९ रेल्वेचा आणि ११२ पोलिसांचा, दोन्ही सेव्ह कर. आणि जा, नक्की जा. तुझ्या पहिल्या पगाराची ट्रिप आहे ही.

प्रश्न: आम्ही चौघं, मी, मिसेस आणि दोन मुलं (९ आणि १३). दिवाळीत फिरायला जायचंय, हॉस्टेलमध्ये राहिलो तर किती वाचतील? — सिडको

उत्तर: दादा, बहुतेक काहीच नाही वाचणार. भरपूर हॉस्टेलं १८ वर्षांखालच्या मुलांना डॉर्ममध्ये घेतच नाहीत, त्यामुळे प्रश्न तिथेच संपतो. ज्यांच्याकडे प्रायव्हेट रूम असते तिथे कुटुंबाला घेतात कधीकधी, पण मग त्या रूमचं भाडं साध्या लॉजइतकंच होतं. सरळ हिशोब करा, बेड ६०० चा धरला तर चौघांचे २४०० एका रात्रीचे, आणि तेवढ्यात बऱ्याच गावांत चौघांना पुरेल अशी खोली मिळते, ती पण आपल्या बाथरूमसकट. हॉस्टेल एकट्याला स्वस्त पडतं, दोघांना कधी पडतं कधी नाही, चौघांना जवळजवळ कधीच नाही.

तुमच्यासाठी भक्तनिवास बघा. देवस्थानाच्या गावी जाणार असाल तर शेगावच्या गजानन महाराज संस्थानसारखी स्वच्छ आणि शिस्तीची सोय त्या पैशात दुसरीकडे शोधून मिळत नाही, आपल्या त्र्यंबकलाही त्यांचं भक्तनिवास आहे. तिथे कुटुंबाला आनंदाने खोली देतात. एकट्या माणसाला मात्र बऱ्याच भक्तनिवासांत आणि धर्मशाळांत खोली देत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी प्रचंड असते, खोली मिळेलच म्हणून मुलांना घेऊन रात्री दहाला दारात जाऊन उभे राहू नका. अमृतसरला जाणार असाल तर सुवर्णमंदिराच्या सरायी आहेत, लंगर आहे, मुलांना ते सगळं दाखवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: पुण्याहून मित्र आले होते, आम्ही सगळ्यांनी मिळून नाशकातच एका हॉस्टेलला राहायचं ठरवलं, ऑनलाइन पैसे भरले, आणि चेक-इनला माझ्या आधारवर नाशिकचा पत्ता बघून मला एकट्याला परत पाठवलं. पैसेही परत नाही दिले. हा कुठला कायदा? — गंगापूर रोड

उत्तर: कायदा नाही, तो हॉस्टेलचा स्वतःचा नियम, आणि तो देशभरात खूप ठिकाणी आहे. त्यांचं म्हणणं असं की गावातलीच पोरं पार्टी करायला येतात, गोंधळ होतो, आणि दुसऱ्या प्रवाशांना, त्यातही बाहेरून आलेल्या मुलींना त्रास होतो. हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण मग तो नियम पैसे घेण्याआधी ठळक दिसला पाहिजे, बुकिंगच्या पानावर खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहून चालत नाही. तुझ्या बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट बघ, 'लोकल आयडी चालणार नाही' असं कुठेच लिहिलेलं नसेल तर ज्या अ‍ॅपवरून केलंस त्यांच्याकडे लेखी तक्रार टाक, फोनवर बोलत बसू नको, आणि तिथे दाद नाही मिळाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ओळखपत्राचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांनाच सांगते. पॅन कार्ड बहुतेक हॉस्टेलांत चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. लायसन्स, पासपोर्ट, मतदार कार्ड किंवा आधार लागतं, आणि ओरिजिनल लागतं. आधारची झेरॉक्स जागोजागी वाटत फिरण्यापेक्षा यूआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

प्रश्न: मी ६१ वर्षांचा आहे, मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो. सौ. गेल्यापासून एकटाच असतो. फिरायची फार हौस आहे पण टूर कंपनीत एकट्याला खोलीचे जादा पैसे भरावे लागतात. माझ्या वयाच्या माणसाने हॉस्टेलमध्ये राहिलेलं बरं दिसेल का? तिथे सगळी तरुण मुलं असतात ना? — पंचवटी

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बरं दिसेल. खूप बरं दिसेल.

हॉस्टेल ही कल्पना मुळात एका शिक्षकाची. रिशार्ड शिरमान नावाचे जर्मन मास्तर होते, ते शाळेतल्या पोरांना घेऊन पायी सहली काढायचे. १९०९ मध्ये अशाच एका सहलीत मोठं वादळ आलं आणि रात्र एका रिकाम्या शाळेत काढावी लागली. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे फिरणाऱ्या पोरांची झोपायची सोय का करू नये, आणि १९१२ मध्ये जर्मनीतल्याच आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. त्या खोल्या लाकडी पलंगांसकट तिथे अजून जपून ठेवल्यात. त्याच चळवळीतून आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया आली, तिच्या नावात यूथ असलं तरी मोठ्या वयाचे भरपूर लोक सभासद आहेत आणि त्यांच्या हिमालयातल्या ट्रेकना रिटायर झालेली माणसंही जातात. सुरुवात म्हणून तुम्ही तिथली मेंबरशिप घ्यावी असं मी म्हणेन, कारण तिथलं वातावरण साधं असतं, दारू-पार्टी हा प्रकार नसतो.

खाजगी हॉस्टेलांत जायचं तर आधी एक फोन. काही ठिकाणी वयाची वरची मर्यादा असते, तिथे जायचंच नाही. बाकी ठिकाणी तीन गोष्टी मागा: खालचा बंक, म्हणजे एकावर एक बेडमधला खालचा, कारण वरच्याची शिडी उभी असते आणि रात्री दोनदा उठावं लागलं तर पाय घसरायची भीती, चार किंवा सहा बेडचं छोटं डॉर्म, आणि खोली शक्यतो लिफ्टजवळ किंवा खालच्या मजल्यावर. खालचा बंक बुकिंगमध्ये लिहून मागा आणि वर फोन करून आठवण द्या, तेव्हाच मिळतो. जोरात पार्टी चालणारी हॉस्टेलं फोटोंवरूनच ओळखू येतात, जिथे फोटोत बेडपेक्षा बारच जास्त दिसतो तिथे तुम्हाला झोप मिळणार नाही. शुक्रवार-शनिवार टाळा, तुम्हाला तर आता सोमवार ते गुरुवार मोकळेच आहेत, भाडंही कमी असतं आणि गर्दीही.

तरुण मुलांचं म्हणाल तर मी स्वतः पाहिलंय. एका हॉस्टेलच्या हॉलमध्ये साधारण तुमच्याच वयाचे एक गृहस्थ संध्याकाळी चहा घेऊन बसलेले, आणि भोवती पाच-सहा पोरं, कुणाला नोकरी सोडायची होती, कुणाचं घरी बिनसलं होतं, आणि ती त्यांना एकामागून एक विचारत होती की काका तुम्ही काय केलं असतं. आपल्या घरच्या मोठ्यांना जे विचारता येत नाही ते ती पोरं परक्या काकांना विचारतात. सोबत नाशिकचा चिवडा न्या, डबा उघडून हॉलमध्ये ठेवा, बाकी काही करावं लागणार नाही. तुम्ही घोरत असाल तर मात्र झोपायच्या आधी खोलीतल्यांना सांगून टाका आणि जास्तीच्या इअरप्लगची दोन-तीन पाकिटं जवळ ठेवा, मेडिकलमध्ये मिळतात. माणसं समजून घेतात, फक्त आधी सांगितलेलं बरं असतं.

गोळ्यांचा डबा लॉकरमध्ये नको, उशीशी असू दे. आणि परत आलात की मला लिहा, वाट बघते.

प्रश्न: गोव्याला अंजुनामध्ये अगदी स्वस्त हॉस्टेल मिळालंय, आम्ही तीन मित्र मंगला एक्सप्रेसने जातोय. अजून कुठे पैसे वाचवता येतील? — सातपूर

उत्तर: नकाशा उघडा आधी. मंगला तुम्हाला मडगावला सोडणार, म्हणजे दक्षिण गोव्यात, आणि अंजुना आहे उत्तरेला, मध्ये ५० किलोमीटरच्या आसपास अंतर. टॅक्सी केली तर हजाराच्या वर सहज जातात आणि बेडवर वाचवलेलं सगळं तिथेच संपतं. दिवसा पोचत असाल तर बसने जा, मडगाव ते पणजी, पणजी ते म्हापसा, म्हापसा ते अंजुना अशा तीन बस बदलायच्या, वेळ जातो पण पैसे अगदी किरकोळ लागतात. संध्याकाळनंतर आतल्या गावांच्या बस कमी होतात, म्हणून दुपारीच निघा. परतीच्या दिवशी सकाळची गाडी असेल तर आदल्या रात्री मडगावातच राहिलेलं बरं. हे सगळीकडे लागू आहे, बेडचं भाडं बघताना स्टेशनपासून तिथे पोचायचा खर्च त्यात मिळवूनच बघा. टॉवेल आपला न्या, बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात. टॅक्स शेवटच्या पानावर लागतो, तोपर्यंत दिसणारा आकडा खरा धरू नका. आणि अ‍ॅपवर भाव बघून झाल्यावर हॉस्टेलच्या स्वतःच्या साइटवर पण बघा, कधीकधी तिथे कमी असतो आणि कॅन्सलचे नियमही सोपे असतात.

प्रश्न: लॉकर आहे म्हणतात, मग कुलूप पण देतात का? — देवळाली कॅम्प

उत्तर: बहुतेक नाही, किंवा देतात त्याचं भाडं घेतात. घरून न्या, छोटं आणि बारीक कडीचं, जाड कडीचं कुलूप लॉकरच्या भोकात जातच नाही. नंबरचं घेतलं तर चावी हरवायची भीती नाही.

प्रश्न: मुलगा हॉस्टेलमधून आला आणि हातावर रांगेत लाल गांध्या उठल्या आहेत. ढेकूण असतील तर आता घरभर होतील का? — एक आई, नाशिकरोड

उत्तर: ताई, रांगेत गांध्या म्हणजे ढेकणांची शंका घ्यायलाच हवी, पण घाबरू नका, ढेकणाच्या चावण्यातून रोग पसरत नाहीत, खाज मात्र भयंकर सुटते. गांध्या फार सुजल्या किंवा पू झाला तर डॉक्टरांना दाखवा. आता पहिलं काम म्हणजे त्याची बॅग बेडरूममधून उचला, कॉटवर किंवा गादीवर तर अजिबात ठेवू नका. बाल्कनीत न्या, सगळे कपडे, घातलेले न घातलेले दोन्ही, सरळ ६० अंशांच्या गरम पाण्यात मशीनला लावा, नुसत्या साध्या पाण्यात ते मरत नाहीत. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येतं, फ्रीजर उणे १८ अंशांचा हवा. रिकाम्या बॅगेच्या शिवणी, चेन, खिसे टॉर्च मारून बघा, मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे डोळ्यांना दिसतो. बॅग व्हॅक्यूम करून ती घाण लगेच पिशवीत बांधून बाहेर टाका.

पुढच्या वेळी मुलाला एवढंच शिकवा की हॉस्टेलात गेल्या गेल्या बॅग बेडवर टाकायची नाही. आधी चादर वर करायची आणि गादीच्या कडेची शिवण, कोपरे, पलंगाच्या फळ्यांचे सांधे मोबाइलच्या टॉर्चने बघायचे. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर फोटो काढायचा आणि रिसेप्शनला दाखवून खोली बदलून मागायची, त्याच खोलीतला शेजारचा बेड घेऊन उपयोग नाही, ते पलंगापलंगांवर फिरतात. खोली नसेल तर पैसे परत मागायचे, लाजायचं नाही. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात, आणि स्वच्छ हॉस्टेलवाल्याला त्यात अपमान वाटत नाही, तो स्वतः येऊन गादी उचलून दाखवतो.